मालिश कधी, स्ट्रेचिंग कधी आणि आबांच्या बैठका

नमस्कार मॅडम,

मी साताऱ्यात राहते, वय ४४, माध्यमिक शाळेत शिकवते. तीन वर्षांपासून धावते आहे. यंदा सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलंय, म्हणून दर रविवारी आमच्या ग्रुपबरोबर यवतेश्वरच्या घाटात सराव चालू आहे. चढ दमवतो, पण खरा त्रास नंतरचा. रविवारी घरी आल्यावर फारसं काही वाटत नाही, सोमवारी पाय जड होतात आणि मंगळवारी शाळेचा जिना कठडा धरून, आडवं होऊन उतरावा लागतो. माझे सासरे (आम्ही त्यांना आबा म्हणतो) तरुणपणी तालमीत होते. ते म्हणतात, "अंगाला तेल नाही, रगडणं नाही, मग पाय दुखणारच." म्हणून एका मालिश करणाऱ्या मावशींकडे जायला लागले. त्या इतक्या जोरात दाबतात की ओरडायची वेळ येते. मागच्या खेपेला दोन्ही मांड्यांवर काळेनिळे डाग उठले. "साठलेलं बाहेर पडतंय," असं त्या म्हणाल्या. ग्रुपमधल्यांचं म्हणणं, माझं स्ट्रेचिंग कमी पडतं. त्यामुळे हल्ली धावण्याआधी वीस मिनिटं पाय ताणते. तरी गेल्या महिन्यापासून उजव्या पायाला टाचेच्या वर, सकाळी उठल्यावर कडकपणा येतो. थोडं चाललं की सुटतो. मावशी तिथेही अंगठ्याने खोल रगडतात. मालिश किती आणि केव्हा करावी? स्ट्रेचिंग आधी की नंतर? आबांचं मन मात्र मोडायचं नाही.

— एक शिक्षिका, सातारा

ताई,

आधी दोन गोष्टी सांगते, त्यांना उशीर नको. डाग उठेपर्यंत होणारी मालिश आजपासून बंद करा. आणि टाचेच्या वरच्या त्या दुखऱ्या जागेवर कुणालाही अंगठा रोवू देऊ नका, मावशींना नाही आणि स्वतःलाही नाही. बाकीचं आता सावकाश बोलू.

तुमचा मंगळवार आधी समजून घेऊ, कारण तो समजला की मालिशकडून किती अपेक्षा ठेवायची हे आपोआप ठरतं. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आकुंचन पावत जोर लावतो. त्यात दम लागतो, घाम निघतो, पण स्नायूची मोडतोड फारशी होत नाही. उतरताना तोच स्नायू लांब होता होता जोर लावत असतो. भरलेला ट्रक घाटातून ब्रेकवर उतरवावा, तसा तो प्रत्येक पावलाला तुमचं वजन धरून ठेवतो. या कामात स्नायूच्या तंतूंना अगदी बारीक इजा होते, मग थोडी सूज येते आणि आसपासच्या मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. हे सगळं घडायला वेळ लागतो, म्हणून दुखणं रविवारी जाणवत नाही. ते २४ ते ७२ तासांच्या दरम्यान शिगेला पोचतं आणि आठवड्याच्या आत ओसरतं. तुमचा मंगळवार या हिशोबात तंतोतंत बसतो.

यात "साठलेलं" असं काही नसतं. लॅक्टिक ॲसिडवर पुष्कळ जण खापर फोडतात, पण धावणं थांबल्यावर साधारण तास-दीड तासात त्याचं रक्तातलं प्रमाण पूर्ववत होतं. मंगळवारपर्यंत पायात उरलेलं आणि दाबून बाहेर काढायचं असं काही राहिलेलंच नसतं. तुमच्या मांडीवर उठलेले डाग म्हणजे कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटून झालेला मुका मार. आधीच इजा झालेल्या स्नायूवर तो नव्याने दिलेला आहे. मावशींचा हेतू वाईट नाही, हे मला ठाऊक आहे. गिऱ्हाईकच पुष्कळदा "जरा जोर लावा" म्हणत असतं आणि हाताला तीच सवय लागते.

आता दिलासा देणारी गोष्ट. शरीर उतार शिकतं. एकदा उताराचा मार सोसून स्नायू सावरला, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने तो तितका दुखत नाही. तरीही तुम्हाला दर आठवड्याला तितकंच दुखत असेल, तर एकतर तुम्ही उतार फार वेगात घेताय किंवा दर रविवारी अंतर बरंच वाढवताय. ग्रुपमध्ये हे सहज होतं. वर पोचल्यावर सगळ्यांना मोकळं वाटतं आणि खाली येताना पाय सुटतात. पुढचे दोन रविवार चढ तुमच्या चालीने पूर्ण करा, पण उतार निम्मा धावा आणि निम्मा चाला. पावलं छोटी आणि भराभर टाका, लांब ढांग टाकून टाच आपटू नका, अंग मागे झुकवू नका. मग उताराचं अंतर हळूहळू वाढवा. तुमच्या शर्यतीत जाताना चढ आणि येताना उतार आहे, म्हणजे थकलेल्या पायांनीच तो उतरायचा आहे. त्याची तयारी उतारानेच होणार, तेलाने नाही.

याचा अर्थ तेल नको असा मात्र नाही. आबांची बाजू मी मनापासून घेते. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. ज्या जिल्ह्यात ती परंपरा आहे तिथल्या तालमीतल्या माणसाला अंगाची जाण असते. पण तालमीत मालिश एकटी कधीच नव्हती. पहाटेची मेहनत, जोर, बैठका, मातीतली लढत, खुराक, दुपारची झोप या सगळ्यांत ती होती. जोडीदाराचा हात रोजचा, ओळखीचा असायचा, अंग कुठे दुखतंय हे त्याला न सांगता कळायचं. तुम्ही त्यातली मालिश तेवढी उचललीत, तीही महिन्याचा हिशोब एका तासात चुकता करणारी. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथकारांपैकी वाग्भटाने दिनचर्येत व्यायाम अर्ध्या शक्तीने करायला सांगितला आहे आणि त्यानंतर शरीराला सुख वाटेल असं मर्दन. सुख वाटेल असं, हे आबांना जरूर वाचून दाखवा.

मालिशने होतं काय? दुखणं काहीसं कमी जाणवतं, सांध्याची हालचाल थोडी मोकळी होते, अंग सैलावतं आणि पुष्कळांना झोप चांगली लागते. आजवरच्या अभ्यासांचा सूर असाच आहे: आराम मिळतो, पण वेग किंवा ताकद वाढत नाही आणि इजा झालेला तंतू लवकर जुळतो असंही नाही. तरी मला हा आराम कमी मोलाचा वाटत नाही. दिवसभर वर्गात उभं राहणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या आणि पहाटे उठून धावणाऱ्या बाईला कुणी अर्धा तास पायाला हात लावतं, यालाच किंमत आहे. स्नायूला हळुवार, लयीत दाब मिळाला की मेंदूकडे जाणाऱ्या वेदनेच्या संदेशांची धार कमी होते. तीव्र दुखेल इतका दाब दिला तर उलट स्नायू स्वतःला वाचवायला आणखी घट्ट होतो. तुम्ही ओरडता तेव्हा तुमच्या मांडीतही तेच होत असतं.

तेव्हा दाबाचं माप असं ठेवा. शून्य म्हणजे नुसता हात फिरतोय आणि दहा म्हणजे सहन होत नाही, असं धरलं तर पाच-सहाच्या वर जायचं नाही. श्वास रोखला गेला, दात आवळले गेले किंवा पायाची बोटं वळली, की दाब जास्त झाला. मावशींना हे स्पष्ट सांगा, आणि मालिश सुरू होण्याआधी सांगा. "मावशी, आज हलक्या हाताने, मी सांगेन तिथे थोडा जोर," एवढं पुरतं. ऐकलं नाही तर दुसरा हात शोधा.

वेळ म्हणाल तर रविवारी धावून आल्यावर लगेच खोल मालिश नको. दहा मिनिटं चाला, पाणी प्या, खा, आंघोळ करा. संध्याकाळी घरच्या घरी हलक्या हाताने तेल लावा, एका पायाला पाच ते दहा मिनिटं. घोट्याकडून वर मांडीकडे लांब, सलग हात फिरवायचा, मग पोटरी आणि मांडी तळव्यांत धरून कणीक तिंबल्यासारखी हलवायची, शेवटी पुन्हा लांब हात. सोमवार-मंगळवारी दुखणं भरात असताना इतपतच. मावशींकडे जायचं असेल तर बुधवार किंवा गुरुवार बरा, तेही आठवड्या-दहा दिवसांतून एकदा. नडगीच्या हाडावर आणि गुडघ्याच्या मागच्या खळग्यात दाब देऊ नये, त्या खळग्यातून रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू वरवरून जातात. तेल तिळाचं असो की खोबरेल, जे घरात आहे ते घ्या. हात सरकावा यासाठी ते आहे, स्नायूत मुरून ताकद देण्यासाठी नाही. आणि तेलाच्या पायांनी न्हाणीघरात जाऊ नका. घाटात न पडलेली माणसं तिथे पडतात.

घरी फोम रोलर असेल तर तोही चालेल. एका स्नायूवर एक-दोन मिनिटं सावकाश फिरवा. नसेल तर मुद्दाम विकत आणायची गरज नाही, लाटणं पोटरीवर आणि मांडीवर तेच काम करतं. तळपायाखाली टेनिसचा चेंडू घेऊन बसल्या बसल्या फिरवला, तर दिवसभर उभं राहिलेल्या पायाला फार बरं वाटतं. पेपर तपासतानाही हे करता येईल.

आता आबांकडून काय घ्यायचं ते सांगते: बैठका. उताराचा मार सोसायला मांडी तयार करायची तर बैठकेइतकं सोपं साधन नाही. फक्त तालमीतली बैठक चवड्यांवर आणि झपाट्याने होते, तुम्हाला सध्या ती तशी नको. टाचा जमिनीला टेकलेल्या ठेवा, हवं तर खुर्चीची पाठ धरा, आणि मनात चार मोजत सावकाश खाली जा, मग सहज वर या. खाली जाणं हीच खरी मेहनत आहे, कारण घाट उतरतानाचं काम तेच आहे. सुरुवातीला आठ-दहाच्या तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा, मंगळवारचा ठणका ओसरल्यावर आणि रविवारच्या आदल्या दिवशी नाही. पंधरा दिवसांनी जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच हळूहळू जमिनीला टेकवायची, हा प्रकार जोडा. आबांना समोर बसवून मोजायला सांगा. ते चुका काढतील, आणि त्यांचं मन मोडायचा प्रश्नच उरणार नाही.

स्ट्रेचिंगबद्दल तुमच्या ग्रुपचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. स्नायू ताणल्याने सांधा अधिक मोकळा हलतो, हे खरं. धावल्यानंतरचं दुखणं त्याने टळतं, हे खरं नाही. धावण्याआधी ताणा किंवा नंतर, मंगळवारच्या ठणक्यात पडणारा फरक इतका थोडा असतो की तो जाणवतही नाही. शिवाय एकेक स्नायू मिनिटापेक्षा जास्त वेळ ताणून धरला, तर पुढचा थोडा वेळ त्याचा जोर किंचित कमी पडतो. पहाटेच्या गारव्यात, थंड स्नायूंनी वीस मिनिटं ताणून मग लगेच चढाला लागणं म्हणजे वेळही गेला आणि पायही तयार झाले नाहीत.

त्या वीस मिनिटांतली दहा मिनिटं हालचालीला द्या. पाच मिनिटं भराभर चालणं, मग सपाट रस्त्यावर अगदी हळू धावणं. भिंतीला किंवा गाडीला धरून एकेक पाय पुढे-मागे आणि आडवा झुलवा, दहा-बारा वेळा. चालता चालता गुडघे छातीकडे उचला, मग टाचा मागे उचला. घोटे दोन्ही बाजूंनी फिरवा. अंग ऊबदार झालं, श्वास थोडा वाढला, की निघा, आणि चढाचा पहिला किलोमीटर मुद्दाम सावकाश घ्या.

स्थिर राहून ताणण्याची जागा धावून झाल्यावर किंवा संध्याकाळी, अंग ऊबदार असताना. प्रत्येक ताण तीस सेकंद, दोनदा. ओढ जाणवावी, कळ येऊ नये, झटके देऊ नयेत. पाठीवर झोपून ओढणी किंवा टॉवेल तळपायाला अडकवून पाय वर घ्यायचा, हा मांडीच्या मागच्या बाजूसाठी. कुशीवर झोपून टाच ढुंगणाकडे ओढायची, हा पुढच्या बाजूसाठी. मला सगळ्यात जास्त आग्रह धरावासा वाटतो तो जांघेच्या पुढच्या स्नायूसाठी. एक गुडघा चटईवर टेकवायचा, दुसरा पाय पुढे, आणि कंबर न वाकवता अंग किंचित पुढे न्यायचं. खुर्चीत बसून पेपर तपासणाऱ्यांचा हा भाग आखडलेला असतो आणि चढावर पाऊल मागे नीट जाण्यासाठी तोच मोकळा हवा. आठवड्यातून तीन दिवस केलं तरी पुरे, रोज जमलं तर उत्तम. पोटरी ताणण्याविषयी मी मुद्दाम बोलले नाही, कारण तुमची टाच.

टाचेच्या वरची ती जाड दोरी म्हणजे पोटरीचे दोन्ही स्नायू हाडाला बांधणारी शीर, ॲकिलिस टेंडन. सकाळचा कडकपणा आणि चालल्यावर मिळणारा मोकळेपणा, ही ती कुरकुरत असल्याची नेहमीची खूण. उतार, अचानक वाढवलेलं अंतर आणि त्यावर खोल रगडणं, असं तिन्ही बाजूंनी तिच्यावर आलेलं दिसतंय. पत्रावरून मी निदान करणार नाही. याच आठवड्यात साताऱ्यातल्या एखाद्या फिजिओथेरपिस्टला पाय दाखवा. हल्ली सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा त्याच गटातलं एखादं अँटिबायोटिक घेतलं असेल तर ते आठवणीने सांगा, त्या औषधांनी या शिरेला त्रास होऊ शकतो.

बहुतेक वेळा उपाय निघतो तो टाचा उचलण्याचा, आणि त्याला वेळ लागतो. ही शीर दाबून किंवा ताणून सुधारत नाही. तिच्यावर बेताचा भार नियमित टाकला की ती सुधारते. सपाट जमिनीवर, भिंतीला हात लावून, दोन्ही टाचा सावकाश वर आणि त्याहून सावकाश खाली. नंतर एका पायावर. दुखरी जागा टाचेच्या हाडालाच चिकटून असेल, तर पायरीच्या कडेवर उभं राहून टाच खाली सोडू नका आणि भिंतीला हात लावून पोटरी ताणण्याचा व्यायामही सध्या टाळा, त्याने शीर हाडावर दाबली जाते. जागा हाडापासून दोन-चार बोटं वर असेल तर पुढे पायरीही चालते, पण ते तपासणाऱ्याने ठरवावं. साधारण तीन महिने धरून चला. भार योग्य आहे की नाही हे दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगते: कडकपणा नेहमीइतकाच किंवा कमी असेल तर ठीक, वाढला तर आदल्या दिवशीचं काम जास्त झालं. तोवर घाटातला वेगवान सराव कमी करा. आणि वेदनाशामक गोळी घेऊन धावायचं नाही. कळ झाकली जाते, आणि घाम गाळून शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना अशा गोळ्या मूत्रपिंडांवर भार टाकतात.

काही वेळा पायाला हातच लावायचा नसतो, हे तुमच्याइतकंच मावशींना आणि आबांनाही सांगून ठेवा. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, लाल झाली, आणि ती कळ धावण्याच्या दुखण्यासारखी वाटली नाही, विशेषतः लांबच्या बसप्रवासानंतर किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असताना, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तिथे मालिश केली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्यात दम लागला किंवा छातीत दुखलं तर क्षणभरही थांबू नका. धावताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटून पाऊल टाकता येईनासं झालं, तर शीर तुटली असण्याची शक्यता आहे, तिथेही चोळायचं नाही. कडक व्यायामानंतर लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली तर लगेच डॉक्टरकडे जा. नुकती लचक भरली असेल किंवा स्नायू फाटला असेल तर पहिले दोन-तीन दिवस मालिश नको. ग्रुपमध्ये कुणाला मधुमेह असेल आणि तळपायाला संवेदना कमी असतील, तर त्यांनी गरम तेल आणि जोराचा दाब दोन्ही टाळावं. जास्त झालेलं त्यांना कळतच नाही.

शर्यतीचा विचार टाच तपासून झाल्यावर. फिजिओने होकार दिला तर शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या निदान दोन आठवडे आधी करून घ्या. त्याचं दुखणं जाईल आणि त्याने आलेली तयारी टिकेल. शेवटचे तीन दिवस मावशींची मालिश नाही, नवा व्यायाम नाही, आबांच्या बैठकाही नाहीत. आदल्या संध्याकाळी हलक्या हाताने तेल लावून लवकर झोपा. फिजिओने यंदा थांबायला सांगितलं, तर थांबा. वाईट वाटेल, मला कळतंय. पण टाचेची शीर पूर्ण बरी करून पुढच्या वर्षी धावणं मला तुमच्यासाठी जास्त मोलाचं वाटतं, आणि बैठका तर तोवर चालूच राहतील. तपासणीत काय निघालं ते मला जरूर कळवा.